दीर्घिकांचे विलीनीकरण : एका रेघेची पार्श्वभूमी

१९४१ साली एका स्वीडिश खगोलशास्त्रज्ञाने प्रत्येकी ३७ दिव्यांच्या दोन ‘दीर्घिका’, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या प्रतिकृती, मांडल्या. गुरुत्वाकर्षणाप्रमाणे प्रकाशही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. म्हणून दिव्याच्या जागी पडणारा प्रकाश मोजायचा, त्यावरून ओढ किती ते ठरवायचे आणि दिवा हाताने पुढे सरकवायचा. जवळून जाणाऱ्या दीर्घिका एकमेकींना विस्कटतात आणि गती गमावून परस्परांत अडकू शकतात, हे त्यातून दिसले. तरीही अशा दीर्घिकांतून बाहेर फेकल्या गेलेल्या ताऱ्यांच्या लांबलचक शेपट्या केवळ गुरुत्वाकर्षणाने निघतात हे १९७२ मधील संगणकीय प्रतिकृतींनंतरच पटले, आणि १९७७ मध्ये लंबवर्तुळाकार दीर्घिका सर्पिल आकाराच्या दीर्घिकांच्या विलीनीकरणातून घडल्याची कल्पना पुढे आली.

खरा गुंता ‘मोठे विलीनीकरण’ या संज्ञेचा आहे. लहान दीर्घिकेचे वस्तुमान मोठीच्या किमान एक चतुर्थांश असेल तर विलीनीकरण मोठे, नाहीतर छोटे, असा संकेत आहे; काही अभ्यासक ही रेघ १:३ वर ओढतात. परंतु वस्तुमान कोणते? लहान दीर्घिकांत कृष्णद्रव्याच्या (न दिसणाऱ्या, केवळ गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याच्या) मानाने तारे फारच कमी असतात, त्यामुळे एकूण वस्तुमानाने १:४ ठरणारी जोडी केवळ ताऱ्यांच्या हिशेबात १:१० च्याही खाली जाऊ शकते. शिवाय लहान दीर्घिकेचे कृष्णद्रव्य वाटेतच ओरबाडले जाते, म्हणजे मोजमाप कधी केले यावरही उत्तर अवलंबून राहते. दीर्घिकांच्या वाढीत मोठ्या विलीनीकरणांचा वाटा किती, यावरच्या वादाचा बराचसा भाग या रेघेतून आला आहे. ती निसर्गाने आखलेली नाही, सोयीसाठी आखलेली आहे.

आपल्या आकाशगंगेचेच उदाहरण घ्यावे. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी तिने गिळलेल्या एका दीर्घिकेचे तारे २०१८ मध्ये त्यांच्या गतींवरून ओळखले गेले. तेव्हा गुणोत्तर सुमारे १:४, म्हणजे नेमके रेघेवर, सांगितले गेले. नंतरच्या एका प्रतिकृतीत ते १:२.५ आले.

शेजारच्या मोठ्या देवयानी दीर्घिकेशी आकाशगंगेची गाठ साधारण ४ अब्ज वर्षांत पडणारच, असे २०१२ मधील मोजमापांनंतर मानले जात होते. २०२५ मधील गणिताने पुढील १० अब्ज वर्षांतील विलीनीकरणाची शक्यता निम्म्यावर आणली. हा अंदाज ज्यामुळे लक्षणीय खाली आला, तो मोठा मॅगेलनी मेघ (आकाशगंगेजवळची एक लहान दीर्घिका) मात्र प्रचलित संकेतानुसार ‘छोट्या’ विलीनीकरणाच्या रकान्यात बसतो.