न्यायसहायक सूक्ष्मांश रसायनशास्त्र : मराठवाड्यातील संशोधन

गुन्ह्याच्या किंवा संशयास्पद मृत्यूच्या ठिकाणी राहिलेले विष, रक्त, राख, इंधन, माती, तंतू यांचे अत्यल्प अंश ओळखणारी आणि ती ओळख न्यायालयात टिकेल अशी सिद्ध करणारी रसायनशास्त्राची शाखा. फ्रेंच तज्ज्ञ एदमाँ लोकार यांनी १९१० मध्ये लियाँ येथे पोलीस प्रयोगशाळा सुरू केली. दोन वस्तूंचा संपर्क आला की प्रत्येकीचा काही अंश दुसरीवर राहतो, हे त्यांचे तत्त्व या शाखेचा पाया मानले जाते. मराठवाड्यात या संशोधनाला वळण दिले ते मुख्यतः शेतातील कीटकनाशकांनी.

कापसावर फवारायचे औषध घराघरांत सहज हाती लागते, आणि विषबाधेच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनात काढलेला व्हिसेरा (जठर, यकृत यांसारख्या अंतर्गत अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेत येतो. तो मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवलेला असला तरी त्यातील स्निग्धांश आणि कुजण्याच्या क्रियेतून तयार झालेली द्रव्ये विश्लेषणात अडथळा आणतात. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतील विश्लेषक आणि मराठवाडा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील अध्यापक यांनी १९९० च्या दशकात याच अडचणीवर एकत्र काम केले. सिलिका जेलचा थर दिलेल्या काचपट्टीवर अर्काचा ठिपका द्यायचा, पट्टी हेक्झेन व ॲसिटोन यांसारख्या द्रावकांच्या मिश्रणात उभी करायची, द्रावक वर चढला की पट्टी वाळवून तिच्यावर अभिकारक (रंग आणणारे रसायन) फवारायचा, ही मिश्रणातील घटक वेगळे करून ओळखणारी पातळ थर वर्णलेखनाची पद्धत जुनीच आहे. संशोधनाचा भर होता तो विशिष्ट कीटकनाशकालाच रंग देणारे आणि ऊतकांतील प्रथिने वा अमिनो आम्लांना दाद न देणारे अभिकारक शोधण्यावर. उदाहरणार्थ, मिथाइल पॅराथिऑन या कीटकनाशकातील नायट्रो गटाचे क्षपण करून (ऑक्सिजन काढून हायड्रोजन जोडून) अमिनो गट मिळवता येतो. त्याचे डायाझोकरण करून (नायट्रस आम्लाने क्रियाशील डायाझो गटात रूपांतर करून) योग्य संयुगाशी जोडणी केली की पट्टीवर रंगीत ठिपका उमटतो. वायू वर्णलेखन (घटक वेगळे करणे) व वस्तुमान वर्णपटमिती (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणे) यांची जोड असलेल्या महागड्या यंत्रापुढे हे काम साधे वाटेल, पण यंत्राच्या फेऱ्या मोजक्या आणि नमुने भरमसाट असतात तेथे प्राथमिक चाळणी अशा पट्टीवरच होते.

या विषयाचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण देणारी शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था २००९ पासून औरंगाबादेत आहे.

पोलीस ज्याला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, तो रासायनिक विश्लेषकाचा अहवाल किती भक्कम ठरेल हे पुष्कळदा घटनास्थळ पंचनाम्याच्या वेळीच ठरते. रॉकेल किंवा पेट्रोलचा संशय असलेला जळका कपडा साध्या कागदात गुंडाळला, तर इंधनाचा बाष्पनशील अंश वाटेतच उडून जातो. त्याला हवाबंद डबाच लागतो. रक्ताने भिजलेला कपडा मात्र ओला असताना प्लॅस्टिकमध्ये बांधला की कुजतो, म्हणून तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात सीलबंद करतात. पंचांच्या सह्या, सीलचा ठसा आणि मुद्देमाल कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद यांत फट राहिली, तर निर्दोष विश्लेषणही उलटतपासणीत निष्प्रभ होऊ शकते.

फिनॉल्फथॅलीन हे शालेय प्रयोगशाळेतील परिचित द्रव्य येथे दोन निरनिराळ्या कामांसाठी वापरले जाते. लाचेच्या सापळ्यात नोटांना लावलेली त्याची भुकटी हाताला लागली असल्यास सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात हात बुडवताच द्रावण गुलाबी होते. क्षपित रूपातील तेच द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइडसह रक्ताच्या प्राथमिक चाचणीत वापरतात. काही वनस्पतींतील पेरॉक्सिडेज या विकरामुळेही (एन्झाइममुळेही) रंग येत असल्याने, शेतातून आलेल्या विळ्यावर किंवा कोयत्यावर केवळ गुलाबी रंग पाहून रक्त असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. रक्तातील हीमचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणाऱ्या ताकायामा स्फटिक चाचणीसारखी निश्चायक कसोटी घ्यावी लागते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) नुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी भेट द्यावी आणि पुरावे गोळा करण्याच्या प्रक्रियेचे चित्रीकरण व्हावे अशी तरतूद आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे.

माती हा या प्रदेशातील अवघड पुरावा आहे. दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेली, स्मेक्टाइट गटातील (पाण्याने फुगणाऱ्या) चिकणखनिजांनी समृद्ध अशी काळी माती बुटाला घट्ट चिकटते, त्यामुळे नमुना सहज मिळतो. परंतु तीच माती मैलोन्‌मैल पसरलेली असल्याने केवळ खनिजांच्या साधर्म्यावरून एखादा बूट अमुक शिवारातलाच, असे म्हणणे धाडसाचे ठरते. त्यामुळे तुलनेत पिकांचे अवशेष, परागकण आणि खतांचे अंशही विचारात घ्यावे लागतात.