पार्किन्सन्स की एमएस? हा गुंता सोडवला शार्कोने

हात थरथरायला लागला की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो कंपवात, आणि गूगल केलं की पार्किन्सन्स. मग कुणीतरी फॅमिली ग्रुपवर एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचा व्हिडिओ टाकतं, त्यातही थरथर, तोल जाणं, बोलणं बदलणं हेच सगळं दिसतं, आणि घरचे पुरते गोंधळतात. पण १८६० च्या आसपास डॉक्टरांचाही हाच घोळ व्हायचा, थरथरणारे पेशंट सरसकट एकाच नावाखाली जायचे. हे दोन आजार नीट वेगळे काढून दाखवले ते पॅरिसच्या ज्याँ-मार्तां शार्कोने, आणि तेही एमआरआय सोडा, साधा एक्स-रे पण नसताना (एक्स-रेचा शोध १८९५ चा, शार्को १८९३ लाच गेला).

शार्कोचा जन्म १८२५ चा, वडील घोडागाड्या बनवायचे. मुलाचा हात ड्रॉइंगमध्ये चांगला होता, शेवटी तो डॉक्टर झाला पण स्केचिंग सुटलं नाही, पुढे मोरोक्कोच्या प्रवासात दिसलेल्या पार्किन्सन्सच्या पेशंटचंही त्याने चित्र काढलंय. मला वाटतं त्याच्या कामाचं मूळ इथेच आहे, माणूस उभा कसा राहतो, बोटं कशी धरतो, हे त्याला दिसायचं. १८६२ मध्ये तो सालपेत्रिएर हॉस्पिटलमध्ये विभागप्रमुख झाला. ती जागा मुळात बंदुकीच्या दारूसंबंधीची, नंतर तिथे गरीब, म्हाताऱ्या, वर्षानुवर्षं आजारी असलेल्या बायकांना ठेवायला लागले, जवळपास ५००० बायका! शार्को आणि त्याचा मित्र व्ह्युल्पियां यांनी एकेक वॉर्ड घेऊन या बायकांना तपासायला सुरुवात केली, नोंदी ठेवल्या, आणि पेशंट गेली की शवविच्छेदन करून मेंदूत, मज्जारज्जूत काय बिघडलंय ते त्या नोंदींशी ताडून पाहिलं.

आता मुख्य फरक. हात किती थरथरतो यापेक्षा कधी थरथरतो याकडे शार्कोने लक्ष वेधलं. पार्किन्सन्समध्ये पेशंट निवांत बसलेला असतो, हात मांडीवर टेकलेला, काहीच करत नसतो, आणि तेव्हाच हात हलतो, अंगठा आणि बोटं गोळी वळल्यासारखी एकमेकांवर फिरत राहतात, साधारण सेकंदाला ४ ते ६ वेळा. तोच हात काही घ्यायला पुढे केला की थरथर बऱ्याचदा कमी होते. एमएसमध्ये बरोबर उलटं. हात टेकलेला असताना शांत, पण पाण्याचा ग्लास उचलून तोंडाकडे न्यायला लागला की थरथर सुरू, आणि ग्लास जसजसा ओठांजवळ येतो तसतशी वाढत जाते, शेवटी पाणी अंगावर. १८६८ च्या सुमाराचं हे निरीक्षण, आजही ओपीडीत बोट नाकाला लावायला सांगतात ते हेच बघायला.

लेक्चरमध्ये मागच्या बाकांवरच्यांनाही दिसावं म्हणून तो पेशंटच्या डोक्याला लांब पिसं लावायचा, म्हणजे बारीक कंपही पिसाच्या टोकाला मोठा दिसायचा.

बाकी फरक पण बघा. एमएसमध्ये थरथरीसोबत डोळ्यांची बुबुळं झटके देत हलणं आणि शब्द तुटक तुटक, तोडून बोलणं ही तीन लक्षणं शार्कोने एकत्र मांडली (सगळ्याच पेशंटमध्ये तिन्ही असतात असं मात्र नाही). पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक आणि एकसुरी होतो, अक्षर लहान होत जातं, अंग ताठरतं, हालचाल मंदावते. या आजाराचं वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्येच केलं होतं, पण तेव्हाच्या नावात लकवा होता, शार्को म्हणाला की या पेशंटची ताकद काही तशी गेलेली नसते आणि काहींना तर थरथरही नसते, म्हणून पार्किन्सनचंच नाव द्या. थरथर नाही म्हणजे पार्किन्सन्स नाही असं समजणारे आजही भेटतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

आतला बिघाडही वेगळा. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते, जागोजागी कडक चट्टे पडतात, ते शार्कोला शवविच्छेदनात दिसले होते. छोट्या मेंदूशी जोडलेले मार्ग त्यात सापडले की ती ग्लासवाली थरथर येते. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या एका जागी डोपामिन नावाचं, हालचालींसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, ही जागा शार्कोला सापडली नाही, ती नंतर विसाव्या शतकात कळली. एमएस बहुतेकदा २० ते ४० च्या वयात सुरू होतो, बायकांमध्ये जास्त, आणि बऱ्याचदा अटॅक येऊन मध्ये बरं वाटतं. पार्किन्सन्स सहसा साठीच्या आसपास, एका बाजूने सुरू होऊन हळूहळू वाढणारा.

लोकांना शार्को आठवतो तो हिस्टेरिया आणि हिप्नॉटिझमसाठी, १८८५ मध्ये तरुण फ्रॉइड (पुढे मनोविश्लेषणाचा जनक) त्याच्याकडे शिकायला गेला होता म्हणून. पण त्यातलं बरंचसं त्याच्यामागे टिकलं नाही, आणि हे थरथरीचं काम मात्र अजून रोज वापरात आहे, त्यामुळे त्याचं नाव यासाठी घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

एक राहिलंच. हात पुढे ताठ धरल्यावर किंवा चहाचा कप धरल्यावर थरथरणारे, घरात आई-वडिलांनाही तसंच असणारे खूप लोक असतात, त्यांना बहुतेकदा या दोन्हीपैकी काहीच नसतं, तो इसेन्शियल ट्रेमर असतो. तेव्हा न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ काढून न्या, एक टीव्ही बघताना हात मांडीवर असतानाचा, दुसरा पाणी पितानाचा. आणि थायरॉइडचा काही त्रास असेल किंवा कुठली औषधं चालू असतील तर तेही सांगा, त्यानेही हात थरथरतात.