हार्ड डिस्कची स्वचाचणी व ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्यादा

हार्ड डिस्कने स्वतःच स्वतःवर चालवायची तपासणी म्हणजे स्वचाचणी. ती ‘स्मार्ट’ या, डिस्कच्या प्रकृतीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. संगणकाकडून फक्त आदेश जातो. पुढचे वाचन, मोजमाप आणि निकालाची नोंद डिस्कच्या सर्किट बोर्डावरचा प्रोसेसर करतो. तपासलेला डेटा केबलवरून संगणकात येतही नाही. त्यामुळे आदेश पोचवून झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमला चाचणीचा पत्ता राहत नाही. डिस्क जुंपलेली असते आणि सिस्टिमला ती रिकामी बसलेली दिसते. स्वचाचणीतले बहुतेक घोटाळे इथून सुरू होतात.

चाचणीचे प्रकार चार. छोटी चाचणी साधारण दोन मिनिटांची. त्यात इलेक्ट्रॉनिक भाग, हेडची (वाचन-लेखन करणाऱ्या टोकाची) हालचाल आणि पृष्ठभागाचा एक लहानसा तुकडा तपासला जातो. विस्तृत चाचणी पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे साठवणुकीचा लहानसा कप्पा) शेवटच्यापर्यंत सगळे वाचते. २ टीबीच्या डिस्कला तिला चार ते पाच तास लागतात, ८ टीबीच्या डिस्कला बारा तासांच्या वर. वाहतूक चाचणी काही मिनिटांची असते आणि प्रवासात डिस्कला धक्का लागला का, एवढेच पाहते. निवडक चाचणी दिलेल्या सेक्टरांच्या सलग पट्ट्यापुरतीच चालते. एका वेळी असे पाच पट्टे देता येतात.

विस्तृत चाचणी दोन रीतींनी चालते. पार्श्वभूमीतल्या रीतीत डिस्क वाचन-लेखनाच्या मागण्यांना वाट देते: मागणी आली की दोन सेकंदांच्या आत चाचणी बाजूला ठेवते, काम उरकते आणि पुन्हा चाचणीकडे वळते. साहजिकच वापरात असलेल्या डिस्कवर चार तासांची चाचणी आठ तासही घेते. दुसरी ‘कॅप्टिव्ह’ रीत. तीत चाचणी संपेपर्यंत डिस्क कुणालाही उत्तर देत नाही. लिनक्स डिस्कच्या उत्तराची वाट साधारण ३० सेकंद पाहते. तेवढ्यात उत्तर आले नाही तर डिस्क अडकली असे समजून जोडणी रिसेट करते, आणि त्या रिसेटने चाचणीच मरते. ज्या डिस्कवर सिस्टिम स्वतः चालते तिच्यावर कॅप्टिव्ह चाचणी लावणे म्हणजे बसलेली फांदी तोडणे.

विंडोज, मॅक आणि लिनक्स

विंडोजमध्ये स्वचाचणी सुरू करण्याचे बटण कुठेच नाही. पॉवरशेलमधली ‘गेट-फिजिकलडिस्क’ ही आज्ञा ‘हेल्दी’ सांगते, पण ते तयार माहितीचे वाचन असते, तपासणी नव्हे. क्रिस्टलडिस्कइन्फोचेही तसेच: निळी खूण दिसली म्हणून डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचला गेला असे होत नाही. चाचणी खरोखर चालवायची तर स्मार्टसीटीएल (आज्ञा टाइप करून चालवायचे साधन), त्याचे चित्ररूप जीस्मार्टकंट्रोल किंवा डिस्कच्या उत्पादकाचे साधन लागते, आणि तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने उघडावे लागते. त्याशिवाय विंडोजचा पॉवर प्लॅन डिस्कला ठरावीक निष्क्रियतेनंतर झोपवतो. चाचणी चालू असली तरी त्याच्या हिशेबी ती निष्क्रियताच. म्हणून विस्तृत चाचणीपूर्वी ‘हार्ड डिस्क बंद करा’ आणि ‘स्लीप’ या दोन्ही वेळा ‘कधीच नाही’वर न्याव्यात. लॅपटॉपचे झाकणही उघडे ठेवावे.

मॅकची डिस्क युटिलिटी आतल्या डिस्कबद्दल ‘व्हेरिफाइड’ किंवा ‘फेलिंग’ एवढेच बोलते. यूएसबीवरच्या डिस्कशी तिचे स्मार्ट संभाषण होतच नाही. त्यासाठी बाहेरचे कर्नल एक्स्टेन्शन (सिस्टिमच्या गाभ्यात बसणारी जोड) लागते आणि अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर ते बसवताना सुरक्षेची पातळी उतरवावी लागते. एवढे करण्यापेक्षा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवलेला दुसरा संगणक बरा.

लिनक्समध्ये अडथळे सर्वांत कमी. ग्नोम या डेस्कटॉपच्या ‘डिस्क्स’मध्ये चाचणीचा पर्याय मेनूतच आहे, स्मार्टसीटीएलला मात्र रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा हक्क हवा. एनव्हीएमई या जोडणीच्या एसएसडीसाठी स्वचाचणीचा आदेश मुळात त्या जोडणीच्या मानकाच्या १.३ आवृत्तीत, २०१७ मध्ये आला आणि स्मार्टसीटीएलमध्ये तो ७.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून आहे. स्मार्टसीटीएलच्या जुन्या आवृत्तीवर पर्याय सापडत नाही याचे कारण एवढेच.

आभासी यंत्रातल्या (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकातल्या) डिस्कवर ही चाचणी निरर्थक आहे, कारण ती डिस्क म्हणजे सहसा एक फाइल असते. रेड कंट्रोलरमागच्या (अनेक डिस्क एकत्र हाताळणाऱ्या कार्डामागच्या) डिस्कसाठी कंट्रोलरचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक वेगळा सांगावा लागतो.

यूएसबी केसिंग

एक्स्टर्नल डिस्कच्या केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या डबीत, यूएसबी आणि साटा (डिस्कची स्वतःची जोडणी) यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी चिप असते. सगळ्याच चिपा स्मार्टचे आदेश पलीकडे नेत नाहीत. नेणाऱ्यांपैकी काहींना १६ बाइटांचा आदेश कळतो, काहींना १२ बाइटांचाच. म्हणून एक फसला तर दुसरा वापरून पाहावा. लिनक्सच्या यूएएस (यूएसबी डिस्कसाठीच्या नव्या, वेगवान) ड्रायव्हरने तर सीगेटच्या यूएसबी केसिंगसाठी हे आदेश मुळातच बंद ठेवले आहेत, कारण ते तिथे नीट चालत नाहीत. जुन्या यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरवर उतरल्यास वाट मिळू शकते, वेग मात्र घटतो. डिस्क केसिंगमधून काढून थेट साटा पोर्टला जोडणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग, फक्त वॉरंटीचा विचार आधी करावा.

दुसरी अडचण झोपेची. यूएसबीवर काही मिनिटे हालचाल दिसली नाही की अनेक केसिंग डिस्कची मोटर थांबवतात. चाचणी ‘९०% शिल्लक’ किंवा ‘८०% शिल्लक’वर अडकून मरते ती यामुळे. प्रगती दहा-दहा टक्क्यांच्या पायरीनेच कळते, हेही लक्षात असावे. उपाय साधा: दर मिनिटाला डिस्कवरचा एखादा सेक्टर वाचत राहायचा. मात्र हे वाचन ‘डायरेक्ट’ पद्धतीने करावे. नाहीतर लिनक्स तोच सेक्टर रॅममधल्या कॅशेतून देते आणि केसिंगपर्यंत काहीच पोचत नाही.

गोव्यातील परिस्थिती

म्हापसा, मडगाव, फोंड्याकडच्या स्टुडिओंत लग्नांची आणि जत्रांतल्या नाटकांची चित्रीकरणे वर्षानुवर्षे एक्स्टर्नल डिस्कवर साठलेली असतात. ती तपासायला सवड मिळते पावसात, आणि विजेचा लपंडाव चालतो तोही पावसातच. दिवे क्षणभर मिचकतात, इन्व्हर्टर भार उचलतो, लॅपटॉपला बॅटरी असल्याने त्याला काही जाणवत नाही. पण १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारी ३.५ इंची डिस्क त्या क्षणात बंद होऊन पुन्हा सुरू झालेली असते. पडद्यावर फार तर डिस्कची खिडकी पुन्हा उघडते. तीन तास चाललेली चाचणी मात्र गेलेली असते. यूएसबीवरच वीज घेणारी २.५ इंची डिस्क अशा वेळी तगते. इन्व्हर्टरला ‘यूपीएस’ मोडचा स्विच असेल तर तो लावावा. त्यात बदलाचा वेळ बराच कमी असतो.

चाचणी कशाने मोडली हे स्मार्टच्या दोन आकड्यांवरून ओळखता येते. सुरू करण्यापूर्वी गुणधर्म ४ (मोटर किती वेळा सुरू झाली) आणि गुणधर्म १२ (वीज किती वेळा आली) कागदावर टिपून ठेवावेत. नंतर १२ वाढलेला असेल तर वीज गेली होती. फक्त ४ वाढला असेल तर केसिंगने किंवा सिस्टिमने डिस्क झोपवली. दोन्ही तसेच असतील तर संशय रिसेटवर. चाचणीच्या नोंदवहीत ‘होस्टने थांबवली’ किंवा ‘रिसेटने खंडित’ असे लिहिलेले दिसते. ते डिस्क खराब असल्याचे लक्षण नाही. खरी वाईट नोंद ‘वाचनात अपयश’ ही. विस्तृत चाचणी पहिल्याच अशा सेक्टरवर थांबते आणि त्याचा क्रमांक देते. पुढे आणखी किती आहेत ते सांगत नाही, म्हणून पुन्हा चाचणी लावण्याआधी डेटाची प्रत घ्यावी. या नोंदवहीत शेवटच्या २१ चाचण्याच राहतात.

दमट हवेने कनेक्टरवर चढलेला थर मात्र यात सापडत नाही, कारण चाचणी केबलपर्यंत येतच नाही. त्यासाठी गुणधर्म १९९, म्हणजे केबलवरच्या चुकांची मोजणी पाहावी. तो वाढत असेल तर आधी केबल बदलावी.

चार तास सलग विजेची खात्री नसेल तेव्हा निवडक चाचणी कामी येते. २ टीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटांचे ३,९०,७०,२९,१६८ सेक्टर असतात. त्यांचे चार भाग केले तर प्रत्येकी ९७,६७,५७,२९२. पहिला पट्टा ० ते ९७,६७,५७,२९१ असा द्यावा. तो तबकडीच्या बाहेरच्या, वेगवान कडेला असल्याने पाऊण-एक तासात उरकतो. आतल्या कडेचा शेवटचा पट्टा सव्वा ते दीड तास घेतो. एक झाला की स्मार्टसीटीएलचा ‘नेक्स्ट’ पर्याय तेवढ्याच लांबीचा पुढचा पट्टा स्वतः धरतो, आणि मध्येच मोडला तर ‘रीडू’ तोच पुन्हा चालवतो. पट्ट्यांचे आकडे आधी डिस्कच्या नोंदीत लिहावे लागतात. काही यूएसबी चिपा हे लिखाण पलीकडे जाऊ देत नाहीत; अशा केसिंगमध्ये छोटी चाचणी चालते आणि निवडक चाचणी सुरुवातीलाच नाकारली जाते.