‘ओळख पाहू, मी कोण?’

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक तिशीचा मुलगा राहतो. दीड वर्षापूर्वी दुचाकीवरून पडला, हेल्मेट डिकीत होतं. (हेल्मेटसक्तीच्या विरोधकांनी लगेच पत्र लिहायला घेऊ नये, आज विषय वेगळा आहे.) आता तो चालतो, छान बोलतो, पण सकाळचं दुपारी आठवत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमाने विचारतो, “ओळख पाहू, मी कोण?” तो अंदाजाने म्हणतो, “नंदूकाका?” “चूक! अरे, मी दिलीपकाका!” पुढच्या रविवारी तेच काका, तोच प्रश्न, आणि उत्तर पुन्हा “नंदूकाका”.

चुकतमाकतच माणूस शिकतो, हे तुमच्याआमच्यापुरतं खरं आहे. कारण चुकलो होतो हेही आपल्या लक्षात राहतं. घडलेल्या प्रसंगांची ही नोंद मेंदूच्या कानाजवळच्या टेम्पोरल लोब या भागात, आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाच्या छोट्या भागाच्या मदतीने होते. सवयीने बसणाऱ्या गोष्टींचं खातं मात्र वेगळं. डोक्याच्या मारात अनेकदा पहिलं खातं बुडतं आणि दुसरं बरंचसं शाबूत राहतं.

या दुसऱ्या खात्याला खाडाखोड करता येत नाही. गणपतीच्या आरतीत ‘संकटी’च्या जागी ‘संकष्टी’ म्हणणारे घरोघरी आहेत. बरोबर शब्द कळल्यावरही ऐन टाळ्यांच्या गजरात तोंडून जुनाच निघतो. पेशींच्या पातळीवर पाहिलं तर दोन चेतापेशी वारंवार पाठोपाठ चेतल्या की त्यांच्यातला सांधा घट्ट होतो. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्येच तसं मांडलं होतं. अनेक सांध्यांत त्यासाठी एनएमडीए नावाचं दार असतं. त्यात मॅग्नेशियमचा बोळा बसलेला असतो. समोरून ग्लुटामेट हे निरोप्या रसायन यावं आणि त्याच वेळी पलीकडची पेशीही चेतलेली असावी, असं दोन्ही जुळलं तरच बोळा निघतो, कॅल्शियम आत शिरतं आणि सांधा बळकट होतो. हे सगळं डोक्यावरून गेलं तरी चालेल. एवढंच धरा की शब्द बरोबर होता की चूक, हे त्या दाराला कळत नाही. म्हणजे “नंदूकाका” म्हणायला लावून आपण दर रविवारी नंदूकाकाच पक्का करत होतो.

अ‍ॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हे तपासून पाहिलं. स्मृती गेलेल्या १६ जणांना शब्दांच्या याद्या दोन पद्धतींनी शिकवल्या. एकीत सुरुवातीची अक्षरं सांगून “मनात कोणता शब्द आहे, ओळखा” म्हणायचं. दुसरीत शब्द सरळ सांगून लिहून घ्यायला लावायचं. सोळाच्या सोळा जणांना दुसऱ्या पद्धतीने जास्त आठवलं. चूक होऊच न देता शिकवण्याची ही कल्पना मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट टेरेस यांनी १९६३ मध्ये कबुतरांवर वापरली होती, हे मला फार आवडतं.

सरसकट सगळ्यांना मात्र ही पद्धत लागू नाही. स्मृती ठीक, पण स्वतःच्या चुका ध्यानात येत नाहीत, अशांना चुकू देऊन तिथल्या तिथे दाखवून देणं अधिक उपयोगी पडू शकतं.

आता अडचण अशी, की चुका टाळून शिकलेलं फार ताठर असतं. ते जिथे शिकलं तिथेच चालतं. इस्पितळातल्या इंडक्शनवर जमलेला चहा घरच्या लायटरपाशी अडतो. म्हणून खरं पुनर्वसन घरात, जिन्यात, वाण्याच्या दुकानात होतं आणि त्यात शेजारी, वाणी, रिक्षावाला हे सगळे अर्धे थेरपिस्ट असतात. ब्रिटनमध्ये १९७९ साली सुरू झालेल्या ‘हेडवे’ या संस्थेच्या स्थानिक गटांत मेंदूला इजा झालेले लोक आणि त्यांचे घरचे एकमेकांना भेटत आले आहेत. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण अपघाती मेंदूइजा असा स्वतंत्र प्रकार नाही. धडधाकट दिसणाऱ्या माणसाचं अपंगत्व कोणत्या रकान्यात बसवायचं, यासाठी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या आईने तीन खेपा घातल्या.

बाकी सल्ले मुबलक मिळाले. कोणी उतारा टाकायला सांगितला, कोणी स्टेम सेलच्या महागड्या इंजेक्शनांचा पत्ता दिला, कोणी फोनमध्ये ‘ब्रेन गेम’ घालून दिला. गेममध्ये तो पटाईत झाला. गेममध्येच. त्यापेक्षा वेळेवर वाजणारा गजर बरा: विल्सन यांच्याच गटाने १४३ जणांना पेजरवर “गोळी घ्या”सारखे निरोप पाठवून पाहिले होते, आणि त्यांची रोजची कामं खरोखरच जास्त वेळा पार पडली.

आता दिलीपकाका दारातूनच म्हणतात, “मी दिलीपकाका, तुझ्या बाबांचा मित्र.” चहाही बसला आहे. आईने प्रत्येक पायरी आधी सांगितली, मग अर्धीच सांगितली, मग नुसतं डब्याकडे बोट दाखवलं. फक्त तिने शिकवला तो चार कपांचा. एकट्यासाठी करायचा असला तरी तो चारच कप पाणी ठेवतो, चार कपांचीच साखर घालतो. त्यामुळे पाच वाजले की आम्ही कोणी ना कोणी तिसऱ्या मजल्यावर असतो.