खोटं न बोलता चकवणारं खूनकोडं

शनिवारी रात्री सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये खेळायला खुनाचं कोडं रचायचं ठरलं, की बहुतेक जण आधी गोष्ट लिहायला बसतात. मुंबईत तेवढे कष्ट नकोत. पुनर्विकासाचा विषय काढला, की सेक्रेटरीचा खून करायला इमारतीतल्या प्रत्येकाकडे कारण तयार असतं! खरा घाम गाळायचा तो मोजणीत.

समजा, दादरच्या एका सोसायटीत सेक्रेटरी गच्चीवर मरून पडलेत. संशयित चार: अण्णा, माई, नाना आणि शुभाकाकू. त्या वेळी चौघं चार वेगळ्या जागी होते: गच्ची, लिफ्ट, पंपरूम, पार्किंग. चौघांच्या हातात चार वेगळ्या वस्तू: बत्ता, कोयता, बॅट, विळी. गच्चीवर जो होता तो खुनी. माणसांना जागा वाटून देण्याचे २४ प्रकार, जागांना वस्तू वाटण्याचेही २४. म्हणजे शक्यता ५७६. १९४९ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलेल्या क्लूडो या खुनी शोधायच्या बोर्डगेममध्ये सहा संशयित, सहा हत्यारं आणि नऊ खोल्या असूनही ३२४च होतात.

आता खेळणाऱ्यांना सुगाव्याच्या चिठ्ठ्या वाटू. पहिली: माई लिफ्टमध्ये होत्या. ५७६ वरून थेट १४४. दुसरी: कोयता पंपरूममध्ये होता. उरल्या ३६. तिसरी: नानांनी कोयत्याला हात लावला नव्हता. २४. चौथी: विळी पार्किंगमध्ये होती (तिथे विळी कशाला, हे विचारायचं नाही). ८. पाचवी: बत्ता अण्णांकडे होता. कोयता आणि विळी यांच्या जागा आधीच ठरल्यामुळे बत्ता गच्चीवर किंवा लिफ्टमध्ये. लिफ्टमध्ये तर माई. म्हणजे अण्णा गच्चीवर. शक्यता उरली एक.

या घसरणीला मोजपट्टी दिली अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी, १९४८ साली. शक्यता निम्म्यावर आणणारी माहिती म्हणजे एक बिट. या हिशेबात पहिल्या दोन चिठ्ठ्या दोन-दोन बिटांच्या, शेवटची तीन बिटांची आणि नानांची जेमतेम ०.५८ बिटाची. पाचांची बेरीज सुमारे ९.१७; ५७६ मधून एक निवडायला नेमकी तेवढीच माहिती लागते.

पण सगळी गंमत आहे त्या सर्वांत हलक्या चिठ्ठीत. कोयत्याला हात लावला नाही म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटतं, नाना सुटले. प्रत्यक्षात ते अडकतात. कोयता पंपरूममध्ये, म्हणजे नाना तिथे नव्हते. लिफ्ट माईंनी अडवलेली. मग नाना एक तर गच्चीवर, नाही तर पार्किंगमध्ये. या चिठ्ठीआधी अण्णा, नाना आणि शुभाकाकूंवर सारखाच, एक तृतीयांश संशय होता. आता उरलेल्या २४ पैकी १२ शक्यतांत नाना गच्चीवर सापडतात. चौथ्या चिठ्ठीनंतरही आठपैकी चारांत तेच. निरपराध माणसावर निम्मा संशय, आणि तोही शंभर टक्के खऱ्या विधानाने! साक्षीदाराला खोटं बोलायला लावून असा चकवा कुणीही देईल. मला तो आळशीपणा वाटतो, आणि खेळणारेही मग चिडतात.

कोडं तपासायची सोपी रीत अशी: एकेक चिठ्ठी झाकून पुन्हा सोडवायचं. नानांची झाकली तरी खुनी अण्णाच. फक्त पंपरूममध्ये नाना होते की शुभाकाकू, एवढंच कळत नाही. बाकी चारांपैकी कुठलीही झाकली की खुनी पक्का होत नाही. दोन खुनी शक्य असलेलं कोडं रात्री अकरा वाजता भांडणं लावतं, म्हणून ही तपासणी टाळू नये. सहा संशयित, सहा जागा, सहा वस्तू घेतल्या, तर शक्यता ५,१८,४०० होतात; तिथे कागद-पेन्सिल सोडून लॅपटॉपवर छोटा प्रोग्रॅम चालवलेला बरा.

वाटताना नानांची चिठ्ठी पहिल्या फेरीतच काढा, कारण बाकीच्या चार आधी बाहेर आल्या तर ती वाया जाते. अण्णांची मात्र सगळ्यांत शेवटी, पावभाजी गरम करायला कुणी उठायच्या आत.