आयएसआय आणि स्टार: पंपावरचे दोन शिक्के, दोन वेगळी खाती

पंप, फॅन किंवा गीझर दाखवताना दुकानदार बोट ठेवून सांगतो, "हे बघा आयएसआय, आणि वर पाच स्टार पण." गिऱ्हाइकाला दोन्ही एकाच सरकारी खात्याचे शिक्के वाटतात. प्रत्यक्षात खाती वेगळी, कायदे वेगळे आणि तपासायची गोष्टही वेगळी.

आयएसआय मार्क देते भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बीआयएस. ती ग्राहक व्यवहार मंत्रालयाखाली येते आणि सध्या २०१६ च्या कायद्यावर चालते. स्टार लेबल ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, म्हणजे बीईईचं. ही ऊर्जा मंत्रालयाची संस्था. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ती जन्माला आली, १ मार्च २००२ पासून कामाला लागली आणि २००६ मध्ये तिने स्टारची योजना आणली. बीईई वीज तयार करत नाही, विकत नाही, दरही ठरवत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीत वीज देते हेस्कॉम आणि तिचा दर ठरतो बेंगळुरूच्या वीज नियामक आयोगात. शिनोळीच्या पुढे चंदगड तालुक्यात महावितरण आणि महाराष्ट्राचा आयोग. स्टार मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच, कारण तो केंद्राचा. कोल्हापुरात घेतलेला पाच स्टार बेळगावातही पाच स्टारच. बदलते ती फक्त राज्यात बीईईचं काम बघणारी संस्था: कर्नाटकात क्रेडल, महाराष्ट्रात मेडा.

दोन शिक्क्यांचं नातं सगळ्यात स्वच्छ दिसतं ते शेतीच्या पंपात. बोअरच्या सबमर्सिबल पंपाचं मानक आहे आयएस ८०३४. अमुक हेडला (पाणी किती उंच उचलायचं) आणि अमुक डिस्चार्जला (सेकंदाला किती पाणी निघतं) पंपाची कार्यक्षमता कमीत कमी किती हवी, हे मानकाने ठरवून दिलेलं असतं. तेवढी आणि बाकीच्या कसोट्या पार केल्या की आयएसआय मिळतो. बीईई तोच आकडा पाया धरते. पंपसेटची प्रत्यक्ष कार्यक्षमता भागिले मानकातली किमान कार्यक्षमता हे गुणोत्तर १.०० ते १.०५ असेल तर एक स्टार, १.२० किंवा त्याहून जास्त असेल तर पाच. योजनेचं मूळ कोष्टक असं आहे. आयएसआय म्हणजे एसएसएलसी (दहावी) पास, स्टार म्हणजे टक्के. म्हणून एक स्टारचा पंप वाईट नसतो, काठावर पास झालेला असतो. शिवाय पंपाला स्टार लावणं ऐच्छिक आहे. लेबल नाही याचा अर्थ पंप खराब असा होत नाही; कंपनीने तो स्टारसाठी पाठवलाच नसेल.

आकड्यात बघू. सेकंदाला ५ लिटर पाणी ४० मीटर उचलायला पाण्यापुरती लागणारी शक्ती ५ × ४० × ९.८१ म्हणजे साधारण १.९६ किलोवॅट. पंपसेट ४० टक्के कार्यक्षम असेल तर तो लाईनवरून ४.९ किलोवॅट ओढतो, ४८ टक्के असेल तर ४.१. एक आणि पाच स्टारमधलं अंतर एवढं. सहा तास चालवला तर दिवसाला जवळपास पाच युनिटचा फरक.

इथे शेतकरी म्हणणार, कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या पंपाला बिलच नाही, मग स्टारचे जादा पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण थ्री फेज मोजकेच तास येते. तेवढ्याच लोडमध्ये जास्त पाणी निघणं हा ज्याच्याकडे उभा ऊस आहे त्याचा रोकडा फायदा, बिल येवो न येवो.

आता स्टार कुठे फसतो ते. चाचणी होते प्रयोगशाळेत, ठरलेल्या हेडला, पूर्ण व्होल्टेजवर. बोअर ३०० फूट आहे म्हणून लोक ३०० फूट, म्हणजे ९० मीटर हेडचा पंप घेतात. पण पंप चालू असताना पाणी १२० फुटांवर थांबत असेल तर खरं हेड ३७ मीटर, अधिक टाकीची उंची, अधिक पाइपमधलं घर्षण. ९० मीटरचा पंप ४५ मीटरवर चालला की गरजेपेक्षा जास्त पाणी ओढतो, अँपिअर चढतात, ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) पडतो. मग वायरमन रिलेचं सेटिंग वाढवून देतो आणि थोड्याच दिवसांत वाइंडिंग जळतं. पाच स्टार तिथे काहीच वाचवत नाही. गेट व्हॉल्व्ह आवळून अँपिअर खाली आणता येतात, पण ती वीज वायाच गेली. खरा इलाज म्हणजे कमी स्टेजचा, म्हणजे आत एकावर एक कमी पंखे असलेला पंप. नेमप्लेटवर हेड आणि डिस्चार्ज छापलेले असतात. स्टारच्या आधी ते वाचावेत.

लाईनच्या शेवटच्या टोकाला ४१५ व्होल्टऐवजी ३५० मिळत असेल तर करंट वाढतो आणि मोटार तापते. स्वस्तात रिवाइंडिंग केलेल्या मोटारीवर जुनं लेबल तसंच असतं, कार्यक्षमता तशी नसते.

आपल्या पंपाची चाचणी शेतातही होते. २०० लिटरचं बॅरल ४० सेकंदांत भरलं, म्हणजे सेकंदाला ५ लिटर. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घ्या. समजा सरासरी ८.५ अँपिअर, व्होल्टेज ४००, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा भाग) ०.८ धरला, तर १.७३२ × ४०० × ८.५ × ०.८ म्हणजे ४.७ किलोवॅट. हेड ४० मीटर असेल तर १.९६ भागिले ४.७, सुमारे ४२ टक्के. तिन्ही फेजच्या करंटमध्ये मोठा फरक दिसला तर दोष आधी लाईनमध्ये किंवा जोडणीत शोधावा, पंपात नंतर.

घरच्या वस्तूंत गीझरचा स्टार लोक हमखास चुकीचा वाचतात. तो पाणी किती लवकर तापतं हे सांगत नाही. तापलेलं पाणी नुसतं टाकीत राहिलं तर चोवीस तासांत किती वीज उडते, तेवढंच सांगतो. दहा मिनिटं चालू करून आंघोळीनंतर बंद करणाऱ्याला त्याचा फायदा थोडाच. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्या घरात मात्र तोच स्टार महत्त्वाचा. गीझरचा थर्मोस्टॅट, कटआउट, प्रेशर व्हॉल्व्ह ही सुरक्षेची बाजू आयएसआयची, आयएस २०८२ ची. तिथे तडजोड नको.

फॅनचं गणित सोपं. १२०० मिलिमीटरच्या फॅनला पाच स्टारसाठी दर वॅटला मिनिटाला निदान ६ घनमीटर हवा द्यावी लागते. २१० घनमीटर हवेला ३५ वॅट. जुना फॅन ७५ वॅटचा. बारा तास चालला तर महिन्याला चौदा युनिट वाचतात. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटकाच्या घरगुती मोफत वीज योजनेत, २०० युनिट ओलांडले की पूर्ण बिल भरावं लागतं, म्हणून काठावरच्या घराला हे चौदा युनिट फार मोलाचे.

लेबलवरची तारीखही बघा. स्टारचं कोष्टक काही वर्षांनी कडक होतं. जुलै २०२२ मध्ये ते बदललं तेव्हा ४.५ आयएसईईआरचा (एसीची वर्षभराची कार्यक्षमता दाखवणारा आकडा) पाच स्टार एसी चार स्टारवर आला. गोदामात पडलेला जुना पाच स्टार नव्या पाच स्टारच्या किमतीत घेऊ नये.

खोटा शिक्का ओळखायचा तर आयएसआयच्या वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल लायसन्स क्रमांक असतो; तो बीआयएस केअर ॲपवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघा. एलईडी बल्बवर आयएसआय सापडणार नाही, तिथे बीआयएसच्या नोंदणीचा आर-क्रमांक असतो. स्टारसाठी बीईईचं वेगळं ॲप आहे, त्यात मॉडेल शोधता येतं. दुकानदार भांडू लागला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. १९१२ वर लावू नका, तो वीज गेल्याच्या तक्रारीचा नंबर; हेस्कॉमचा माणूस तुमच्या स्टारचं काही करू शकत नाही. पावतीवर नुसतं "५ एचपी मोटार" असं न लिहू देता मॉडेल नंबर लिहून घ्या, नाहीतर बीआयएस आणि बीईई दोन्हीकडे तक्रार पुढे सरकत नाही.