हॉटडिश
हॉटडिश : अमेरिकेच्या मिनेसोटा, नॉर्थ डकोटा व लगतच्या राज्यांतील घरगुती पदार्थ. मांस, भाज्या, एखादा पिष्टमय घटक व त्यांना धरून ठेवणारे दाट सूप एकाच उथळ भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजतात. प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचे, अशा चर्चमधील सहभोजनांत तो हमखास असतो. इतरत्र अशा पदार्थांना कॅसरोल म्हणतात.

उगमाबद्दल एकमत नाही. कॅसरोल 1866 च्या सुमारास अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातील बर्लिन गावी एल्मीर जोलिकर या बाईंनी शोधला, असे वारंवार छापले जाते. पण एका भांड्यात भाजण्याची रीत यूरोपात त्याहून बरीच जुनी असल्याने हे विधान जपूनच घ्यावे. हॉटडिशची ज्ञात सर्वांत जुनी छापील कृती सामान्यतः 1930 ची मानतात. मिनेसोटातील मॅनकेटो येथील ग्रेस ल्यूथरन (एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ) चर्चच्या महिला मंडळाच्या पाकपुस्तकात ती आहे : खिमा, कांदा, सेलरी, डबाबंद मटार, टोमॅटो सूप व ‘क्रीमेट्स’ या छापाची मॅकरोनी. घरोघरची रीत अर्थात याआधीची असू शकेल. मश्रूम सूप हा हॉटडिशचा मूळ पाया, ही समजूत मात्र टिकत नाही. कॅम्पबेल कंपनीचे ते सूप 1934 मध्ये बाजारात आले. पुढे ते इतके रुळले, की त्याला गमतीने ‘ल्यूथरन बाइंडर’ (ल्यूथरन लोकांचे, घटक धरून ठेवणारे मिश्रण) म्हणू लागले. वर टेटर टॉट्स (किसलेल्या बटाट्याच्या गोठवलेल्या लहान वड्या) रचण्याची पद्धत तर 1950 नंतरचीच. ओर-आयडा कंपनीने टॉट्स 1953 मध्ये तयार केले.

प्रचलित कृती : 23 × 33 सेंमी. भांड्यासाठी 450 ग्रॅ. गोमांसाचा खिमा व एक कांदा परतून सुटलेली चरबी काढून टाकतात. दोन वाट्या फरसबी किंवा मका, मश्रूम सुपाचा एक डबा (सु. 300 ग्रॅ., पाणी न घालता), अर्धा डबा दूध व मिरपूड मिसळतात. सूप मुळात खारट असल्याने मीठ चव पाहूनच घालावे. वर सु. 800 ग्रॅ. टॉट्स एकाच थरात, एकमेकांना खेटून लावतात व 200° से.ला 45 मिनिटे भाजतात. किसलेले चेडर चीज शेवटच्या दहा मिनिटांत घालावे. आधी घातल्यास करपते.

टॉट्स मऊ पडणे हा नेहमीचा दोष. ते वितळवून लावले, डबाबंद भाजीचे पाणी निथळले नाही किंवा भाजताना भांडे झाकले, की वाफ वरच्या थरात मुरते. गरम भांडे घट्ट झाकून नेल्यासही तेच होते; फॉइलची एक कड उघडी ठेवावी. आदल्या दिवशी रचून ठेवायचे असल्यास टॉट्स भाजण्याच्या वेळीच लावावेत आणि 15 मिनिटे जास्त द्यावीत. फ्रिजमधले काचेचे भांडे थेट तापल्या ओव्हनमध्ये ठेवल्यास तडकू शकते. मध्यभाग 74° से.पर्यंत तापलेला हवा. कडेला सूप खदखदत असतानाही मधला भाग थंड असू शकतो.

कोंबडी व रानतांदूळ यांचा प्रकारही मिनेसोटात रूढ आहे.